तिघींपैकी आधी कोण गेली?

पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी वाईला राहतो, वय ६८. बँकेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो. गेली अकरा वर्षं आसपासच्या गावांतल्या घरांमधून जुने कागद आणतो, स्कॅन करतो, लिप्यंतर करतो आणि कागद मालकांना परत देतो. हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर आहे, साधारण अडीच टीबी. २०१८ साली मुलाने त्यात ४ टीबीच्या तीन डिस्क बसवून, त्या एकत्र जोडणारं 'रेड ५' करून दिलं, विंडोजऐवजी उबुंटू टाकून दिलं. 'बाबा, एक डिस्क गेली तरी काही बिघडत नाही,' असं म्हणाला होता. तो आता जर्मनीत असतो. गेल्या मंगळवारी पावसात वीज तीनदा गेली-आली. त्यानंतर स्कॅनचा फोल्डर उघडत नाही. इथल्या कॉम्प्युटरवाल्याने बघून सांगितलं, दोन डिस्क ॲरेमधून, म्हणजे तिघींच्या जोडलेल्या संचातून, बाहेर पडल्यात, नवीन ॲरे तयार करून बघू, कदाचित डेटा दिसेल. मी तूर्त नको म्हटलं. पुण्यात एका ठिकाणी फोन केला, त्यांनी डिस्क न बघताच लाखाच्या पुढचा आकडा सांगितला. ज्यांचे कागद होते त्यांतले दोन वाडे आता पाडले आहेत, एका घरी वाळवीने सगळं खाल्लं. मुलाला अजून सांगितलेलं नाही. तो म्हणेल, बॅकअप का नाही ठेवलात. डिस्कमधून कसलाही आवाज येत नाही. कमांड टाइप करायला मी घाबरत नाही. काय करू?"

उत्तर:

नमस्कार काका,

दुकानदाराला 'तूर्त नको' म्हणालात ते फार बरं केलंत. पत्र वाचताना त्या वाक्यापर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आता पुढचं वाचण्याआधी एक काम करा. कॉम्प्युटर चालू असेल तर नेहमीसारखा बंद करा आणि भिंतीतला प्लग काढून ठेवा. बंद डिस्कचं काही बिघडत नाही. चार दिवस जाऊ देत की चार आठवडे, स्कॅन आहेत तिथेच राहतील. नुकसान होतं ते चालू डिस्कवर घाईघाईने काहीतरी करून बघण्याने.

मग मार्कर घ्या, कॅबिनेट उघडा आणि काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर आतले फोटो काढा. कोणती केबल मदरबोर्डच्या कोणत्या खाचेत आहे ते दिसलं पाहिजे. प्रत्येक डिस्कच्या लेबलवर सिरियल नंबर असतो, तो वहीत उतरवा आणि डिस्कवर १, २, ३ असे आकडे घाला. हे किरकोळ वाटेल, पण उबुंटू डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी जी नावं देतं ती कॉम्प्युटर सुरू करताना बदलू शकतात. सिरियल नंबर बदलत नाही. पुढचं सगळं काम त्याच नंबरावर चालायचं आहे.

आता तुमच्या डिस्कमध्ये काय झालं असावं ते तुमच्याच कामाच्या भाषेत सांगतो. दफ्तरात तीन रुमाल आहेत असं समजा. एक लांब कागद कापून पहिला तुकडा पहिल्या रुमालात बांधला, दुसरा दुसऱ्यात, आणि तिसऱ्या रुमालात या दोन तुकड्यांची एक खास बेरीज लिहून ठेवली. पुढच्या दोन तुकड्यांची बेरीज वेगळ्या रुमालात, त्यापुढची आणखी तिसरीकडे, अशी पाळी फिरत राहते. बेरीज अगदी साधी आहे. दोन्हीकडचा अंक सारखा असेल तर शून्य, वेगळा असेल तर एक. गंमत अशी की, कुठलाही एक रुमाल हरवला तरी उरलेल्या दोघांची तशीच बेरीज केली की हरवलेला तुकडा जसाच्या तसा मिळतो. तुमच्या ॲरेमध्ये हा एकेक तुकडा बहुधा ५१२ केबीचा असणार, कारण २०१८ साली काही न सांगता ॲरे केला तर तोच आकार घेतला जाई. बेरजांसाठी एका डिस्कएवढी जागा जाते, म्हणूनच तीन डिस्क मिळून १२ टीबी असूनही तुम्हाला ८ टीबीच दिसत होते.

तेव्हा मुलगा म्हणाला ते खरंच होतं. एक गेली तरी चालतं. फक्त त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहिला: एक गेली की ते कुणाला तरी कळलं पाहिजे. एक डिस्क बाहेर पडली तरी ॲरे कुरकुर करत नाही, फोल्डर उघडतात, फायली साठतात. तिसरीचं काम उरलेल्या दोघी बेरीज करून भागवतात. माझा अंदाज असा की, मंगळवारी तुमच्या दोन डिस्क गेल्या नाहीत, एकच गेली. दुसरी कित्येक महिन्यांपूर्वी, कदाचित वर्षांपूर्वी, गुपचूप बाहेर पडली असणार.

कळलं कसं नाही? लिनक्समध्ये (तुमचं उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) असे ॲरे उभे करणारा आणि त्यांवर नजर ठेवणारा एक प्रोग्राम असतो, एमडीएडीएम. डिस्क बाहेर पडली की तो ईमेल पाठवतो. पण कुणाला? वेगळा पत्ता दिला नसेल तर त्याच कॉम्प्युटरवरच्या 'रूट' नावाच्या मालकाला. घरच्या कॉम्प्युटरवर टपाल पुढे नेणारी व्यवस्था सहसा नसते, तेव्हा ते पत्र एक तर आतच पडून राहतं नाही तर निघतच नाही. दुसरी गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्या काळच्या उबुंटूमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचून तपासायची सोय होती. वेळ रात्री १२ वाजून ५७ मिनिटं. तुमच्याकडे त्या वेळी कॉम्प्युटर चालू असतो का? बँकेत आयुष्य गेलेला माणूस झोपण्याआधी सगळे स्विच बंद करतो, अशी माझी खात्री आहे. म्हणजे ती तपासणी कदाचित एकदाही झालेली नाही, आणि डिस्कच्या ज्या कोपऱ्यातले स्कॅन तुम्ही पाच वर्षांत उघडले नाहीत तो कोपरा वाचता येतो की नाही हे कुणीच पाहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. दोन डिस्क बाहेर आहेत, एक आत आहे. तीनपैकी कोणत्याही दोन मिळाल्या की ॲरे उभा राहतो. मग बाहेरच्या दोघींपैकी कोणती परत घ्यायची? जी शेवटी गेली तीच, आणि दुसरी कोणतीही नाही. आधी गेलेली डिस्क म्हणजे जुन्या सालची नक्कल. तिच्यात ती गेली त्या दिवसापर्यंतचंच आहे. तिला आजच्या डिस्कशी जोडून बेरीज केली तर दोन वेगवेगळ्या पत्रांच्या ओळी एकाखाली एक लावल्यासारखं होईल. अक्षरं सगळी सुवाच्य, अर्थ काहीच नाही. वर त्या अवस्थेत कुणी फाइल सिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदवहीची, दुरुस्ती चालवली तर तो प्रोग्राम प्रामाणिकपणे सगळं 'नीट' करून टाकेल, आणि जे वाचलं असतं तेही जाईल.

कोणती आधी गेली, हे डिस्कच सांगतात. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला एक छोटी नोंद असते, सुपरब्लॉक म्हणतात तिला. एमडीएडीएमला 'एक्झॅमिन' सांगितलं की तो ती नोंद वाचून दाखवतो, डिस्कवर काही लिहीत नाही. त्यात तीन ओळी पाहायच्या. पहिली, शेवटची नोंद केव्हा झाली ती तारीख. दुसरी 'इव्हेंट्स', म्हणजे ॲरेच्या आयुष्यातल्या घडामोडींचा मोजणी-आकडा. तिसरी, त्या डिस्कच्या मते कोण कोण हजर आहे. समजा, पहिल्या डिस्कवर इव्हेंट ४८,२१३ आणि तारीख गेल्या मंगळवारची. दुसरीवर ४८,२०९, तारीख तीच, वेळ जराशी आधीची. आणि तिसरीवर ३१ हजारांच्या आसपास, तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणखी कोणता पुरावा हवा? तिसऱ्या डिस्कची हजेरीची ओळ मला नेहमी जरा हळवी वाटते. तिथे 'ए ए ए' लिहिलेलं असतं. सगळ्यात आधी घर सोडून गेलेल्या डिस्कच्या लेखी तिघी अजून घरातच आहेत.

पहिल्या दोन आकड्यांतला चार-पाच घडामोडींचा फरक काही नाही. वीज जाताना एक डिस्क क्षणभर आधी बाहेर पडली, एवढाच त्याचा अर्थ. हजारोंचा फरक म्हणजे मात्र ती जुनी नक्कल. कागदावरची शाई आणि कालगणना बघून अस्सल कोणता आणि मागाहूनची नक्कल कोणती हे तुम्ही ठरवता, त्यापेक्षा हे सोपं आहे.

दुकानदाराने सुचवलेल्या 'नवीन ॲरे तयार करू' या उपायाबद्दल मला थोडं कडकपणे बोलायचं आहे. त्याच्या हेतूबद्दल नाही, बिचाऱ्याने ऐकलेलं सांगितलं. एमडीएडीएमला 'क्रिएट' म्हटलं की तो त्या जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितो. म्हणजे आधी कोण गेली हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपणच संपवायचा. त्यात डिस्कचा क्रम चुकला, तुकड्याचा आकार चुकला, किंवा डेटा नेमका कुठून सुरू होतो ते अंतर चुकलं, तर सगळं वेडंवाकडं दिसतं. आणि तीनही डिस्क देऊन ॲरे केला तर तो लगेच बाकी दोघींच्या बेरजेतून शेवटची डिस्क नव्याने लिहायला बसतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१२ साली माझ्या स्वतःच्या ॲरेवर मी हेच केलं होतं. तीच कमांड, तोच क्रम, चार वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलेला. पण मधल्या काळात एमडीएडीएमची नवी आवृत्ती आली होती, आणि न सांगता घेतला जाणारा तुकड्याचा आकार ६४ केबीवरून ५१२ केबी झाला होता, नोंद लिहायची जागाही बदलली होती. कमांड बरोबर, परिणाम चूक. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात गेले. ती आजही दर दिवाळीला विचारते, आणि मी फराळाच्या ताटाकडे बघत बसतो.

तसंच आणखी काही ऐकाल. जुनी डिस्क पुन्हा 'ॲड' करा. नको, तिच्यावरची नोंद बदलते. 'एफएससीके', म्हणजे तो फाइल सिस्टिम दुरुस्तीचा प्रोग्राम, चालवा. नको, आत्ता तर नकोच. विंडोजच्या कॉम्प्युटरला लावून बघा. विंडोज 'डिस्क फॉरमॅट करू का' असं अगत्याने विचारतं आणि हात चुकून 'हो'वर जातो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा. हे तर अजिबात नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

आवाज येत नाही हे तुम्ही लिहिलंत, ते महत्त्वाचं आहे. कट-कट असा ठोका ऐकू येत असता तर मी इथेच थांबलो असतो आणि डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा म्हटलं असतं, कारण ठोका म्हणजे आतलं वाचणारं डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. प्रत्येक फेरीला तबकडीवर चरा पडण्याची भीती. तुमच्याकडे तसं नाही. किंबहुना मंगळवारी बाहेर पडलेली डिस्क पूर्ण धडधाकट असण्याचीही शक्यता आहे. वीज तीनदा गेली-आली तेव्हा सैल केबलमुळेही डिस्क क्षणभर गायब होते आणि ॲरे तिला बाहेर काढतो.

आणखी एक कारण असं आहे की ते फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. घरगुती डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी कधी मिनिटाहून जास्त वेळ. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट बघतं आणि उत्तर नाही म्हणून डिस्क मेली असं समजतं. ॲरेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क साधारण ७ सेकंदांत 'नाही जमत' सांगून मोकळ्या होतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा घोळ होत नाही. एका वाईट जागेपायी अख्खी डिस्क बाहेर, असे ॲरे मी बरेच पाहिलेत. कॉपी काढताना लिनक्सची ही वाट बघण्याची मुदत १८० सेकंद करून घ्यायची. मुलाला एवढं म्हणा, त्याला कळेल.

डिस्कची तब्येत 'स्मार्ट' नावाच्या आतल्या नोंदींतून कळते. त्यात १९७ क्रमांकाची ओळ म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल लागायच्या राहिलेल्या जागा. ५ म्हणजे बाद करून बदललेल्या जागा. १९९ चढलेली असेल तर डिस्कपेक्षा केबलवर संशय घ्या, शंभरेक रुपयांची केबल आधी बदला. पण सगळीकडे शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक अशा होत्या की, धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही त्यांच्यात उमटलेली नव्हती.

आता प्रत्यक्ष काम. इथे मला तुम्हाला काही शिकवावं लागणार नाही. जीर्ण, घड्यांवर फाटत आलेला कागद हातात आला की तुम्ही काय करता? तो उलगडून उलगडून वाचत बसत नाही. एकदाच, हलक्या हाताने पसरता, स्कॅन करता, आणि पुढचं वाचन त्या स्कॅनवरून. कागद पुन्हा रुमालात. डिस्कचंही तेच. एकदाच संपूर्ण प्रत काढायची, आणि सगळे प्रयोग प्रतीवर.

त्यासाठी दोन नव्या डिस्क घ्या. एक १२ टीबीची, एक ४ टीबीची. मोठीवर तुमच्या दोन डिस्कच्या, आत असलेल्या आणि शेवटी गेलेल्या, प्रती मावतील, ४ आणि ४ मिळून ८. लहानीवर शेवटी तुमचे अडीच टीबी स्कॅन उतरतील. खर्च आहे, मान्य, पण या डिस्क नंतर तुमच्या बॅकअपलाच लागणार आहेत. आणि यूपीएस हवा. घरातला इन्व्हर्टर बदली होताना कॉम्प्युटर बंद पडत असेल तर तो इथे उपयोगाचा नाही.

प्रत काढायला 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरा. फुकट आहे, उबुंटूमध्ये 'जीडीडीरेस्क्यू' या नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो. साधं कॉपी करणं आणि हा, यात फरक असा की वाईट जागा आली की हा तिथे डोकं आपटत बसत नाही. ती सोडून पुढे जातो, आधी जे सहज मिळतं ते सगळं गोळा करतो, आणि मग सोडलेल्या जागांकडे बारकाईने वळतो. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं याचा नकाशा तो एका फाइलमध्ये लिहीत जातो. ती नकाशाची फाइल न चुकता ठेवायला सांगा. मधेच थांबवलं तरी दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुढे सुरू करतो. पहिली फेरी वाईट जागा न खरवडता, मग दोन-तीन फेऱ्या त्या जागांसाठी.

जुन्या डिस्क एका वेळी एकच जोडा. तिन्ही एकदम लावल्या तर उबुंटू सुरू होताना आपणहून ॲरे उभा करायला जाईल. डिस्क यूएसबीच्या डबीत न घालता सरळ मदरबोर्डला साटा केबलने जोडा. वाईट जागा आली की या डब्या अनेकदा संबंधच तोडतात. आणि कमांडमध्ये आधी मूळ, मग प्रत. हा क्रम उलटा झाला तर नवी कोरी डिस्क जुन्या डिस्कवर उतरेल. एंटर दाबण्याआधी सिरियल नंबर मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचतो, बायको हसते.

वेळ? सेकंदाला १५० एमबी असा वेग धरला तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात, आणि तबकडीच्या आतल्या बाजूला वेग उतरतो. तेव्हा एका डिस्कला एक रात्र धरा. वाईट जागा निघाल्या तर दोन-तीन दिवस. डिस्कवर टेबलफॅन सोडा. मधे ठोके ऐकू आले किंवा वेग एकदम केबीवर येऊन तिथेच रेंगाळला, तर थांबवा आणि मला पुन्हा लिहा.

दोन्ही प्रती झाल्या की मूळ डिस्क कपाटात. पुढे प्रतींवर 'ओव्हरले' लावून घ्यायचा. जुन्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिल चालवावी तसंच हे. जे काही लिहिलं जाईल ते वरच्या कागदावर, खालची प्रत कोरडी. चुकलं तर ट्रेसिंग पेपर फेकून नवा घ्यायचा. मग एमडीएडीएमला 'असेंबल', सोबत 'फोर्स'. 'क्रिएट' नव्हे. असेंबल म्हणजे आहे त्या नोंदी मानून जुळवणी, आणि फोर्स म्हणजे त्या चार-पाच घडामोडींच्या फरकाकडे काणाडोळा. ॲरे उभा राहिला की तो केवळ वाचण्यापुरता माउंट करायचा, म्हणजे फोल्डर उघडतील असा करायचा, अपुरी राहिलेली कामं पूर्ण न करण्याच्या सूचनेसह. फोल्डर दिसले की सगळ्यात आधी लिप्यंतरं उतरवा, ती लहान असतात आणि श्रम त्यांतच जास्त आहेत. मग स्कॅन.

समजा, काही जागा वाचताच आल्या नाहीत. तरी इतका धीर सोडू नका. तुम्ही टिफमध्ये, न दाबता साठवत असाल तर तुमचं नशीब थोर. ए४ आकाराचा, ६०० डीपीआयचा रंगीत स्कॅन म्हणजे साधारण १०४ एमबी. त्यातला ४ केबीचा एक ठिपका गेला तर पानावर सुमारे चौथाई रुंदीची, एका पिक्सेलएवढी जाड रेघ उमटते. छापून बघितलं तर केसाएवढीही नाही. फाइलच्या अगदी कळीच्या जागी घाव बसला तर ती उघडणार नाही, पण अशा थोड्याच. जेपेगमध्ये मात्र घावाच्या खालचं बरंच चित्र बिघडू शकतं.

आणि आता ती आधी गेलेली, जुन्या सालची तिसरी डिस्क. तिला मी इतका वेळ नावं ठेवली, पण तिची गरज पडू शकते. तुम्ही जुनं पान पुन्हा लिहीत नाही, नवी भर घालता. म्हणजे ती डिस्क बाहेर पडण्याआधीच्या स्कॅनचे पुष्कळसे तुकडे तिच्यावर आजही बरोबर आहेत. दुसऱ्या डिस्कवर एखादी जागा वाचता आली नाही आणि त्या पट्ट्यात (ते दोन तुकडे आणि त्यांची बेरीज) नंतर काही लिहिलं गेलेलं नसेल, तर पहिली आणि तिसरी मिळून ती जागा भरून काढता येते. हे काम किचकट आहे, घरी करण्याजोगं नाही, पण करता येतं. तेव्हा प्रयोगशाळेत जायची वेळ आलीच तर तिन्ही डिस्क पाठवा, दोन नाही.

लाखाच्या आकड्याबद्दल. दोन डिस्क खरोखर उघडाव्या लागणार असतील तर तो आकडा फसवणुकीचा म्हणता येणार नाही. धूळमुक्त खोली, तशाच मॉडेलच्या डिस्कचे सुटे भाग, कुशल माणूस, हे स्वस्त नसतं. पण न बघता सांगितलेला आकडा मी मानत नाही. जिथे द्याल तिथे विचारा: तपासणीचे किती, डेटा नाही मिळाला तर किती, पैसे भरण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवणार का, काम मूळ डिस्कवर करणार की प्रतीवर. उत्तरं लेखी घ्या. बँकेतल्या माणसाला मी काय सांगणार. 'मूळ डिस्कवरच' असं उत्तर आलं तर डिस्क उचलून घरी या.

नेमक्या कमांड मी इथे दिल्या नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. देवनागरीत छापलेली कमांड बघून इंग्रजीत टाइप करणं हाच एक अपघात आहे, एक मोकळी जागा चुकली की संपलं. त्या तुम्हाला मुलगा देईल.

हो, मुलाला सांगायचं. तो बॅकअपवरून बोलेल अशी भीती तुम्हाला वाटते. बोलेलही. पण खरं सांगू का, ज्याने तीन डिस्कचा ॲरे करून दिला आणि टपालाचा पत्ता घातला नाही, त्याच्याही पोटात हे ऐकून खड्डा पडणार आहे. हा दोष जवळजवळ प्रत्येक तरुण इंजिनियरचा असतो, माझाही होता. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ज्या निबंधात रेड हे नाव मांडलं, त्यात प्रश्न होता तो स्वस्तातल्या छोट्या डिस्क एकत्र बांधून एका महागड्या मोठ्या डिस्कची बरोबरी कशी करायची, आणि मधे एक गेली तरी काम कसं चालू ठेवायचं. दुसरीकडे प्रत ठेवण्याचा तो पर्याय नव्हताच. पण 'एक गेली तरी बिघडत नाही' हे वाक्य ऐकायला इतकं गोड आहे की, सांगणारा आणि ऐकणारा दोघंही तिथेच थांबतात.

शिवाय त्याच्याकडून तुम्हाला कामाच्या गोष्टी हव्या आहेत. ॲरे करताना वापरलेली मूळ कमांड त्याच्याकडे कुठे लिहिलेली आहे का. एमडीएडीएमचं एखादं पत्र त्याच्या जुन्या मेलमध्ये पडलंय का, त्यावरची तारीख काय. आणि दोन रात्री तो तिकडून तुमच्या स्क्रीनवर येऊन बसेल का. आपल्या पावसाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तुमचं रात्रीचं जेवण झालं की त्याचं ऑफिस सुटलेलं असेल.

पुढची मांडणी कशी करायची ते स्कॅन परत आल्यावर बोलू. रेड ५ पुन्हा करू नका एवढंच आत्ता सांगतो. अडीच टीबीला त्याची गरजच नाही. दोन डिस्कवर एकसारख्या प्रती आणि तिसरी प्रत वाईबाहेर, साताऱ्याला भावाकडे म्हणा किंवा लेकीकडे.

आजच्या आज एक करा. लाल मार्करने तिन्ही डिस्कवर 'फेकू नये' असं लिहा. मोडीत लिहू नका, घरातल्या बाकीच्यांनाही वाचता आलं पाहिजे.